लांब रेकॉर्डिंगला चॅप्टर कसे पाडायचे : कीर्तन, कानबाईची गाणी आणि केळीच्या चर्चासत्रासाठी

सप्ताहातलं दोन तासांचं कीर्तन, कानबाईच्या (खान्देशातल्या लोकदेवीच्या) जागराचं रात्रभराचं रेकॉर्डिंग, रावेर-यावलकडच्या केळी चर्चासत्राचा व्हिडिओ. अशा फायली खान्देशात गावोगाव मोबाइलमध्ये पडून आहेत आणि एकदा ऐकल्यावर सहसा कोणी त्या पुन्हा उघडत नाही. शेतकऱ्याला फक्त करपा रोगावर काय सांगितलं तेवढंच हवं असतं आणि त्यासाठी त्याला पावणेदोन तासांच्या पट्टीवर बोट पुढे-मागे सरकवत बसावं लागतं. चॅप्टर पाडलेले असतील तर तो नावावर बोट ठेवतो आणि थेट तिथे पोहोचतो.

चॅप्टर पाडणं म्हणजे फाइलचे तुकडे करणं नव्हे. फाइल एकसंधच राहते. तिच्यात वेळ आणि नाव यांची एक छोटी यादी घातली जाते आणि प्लेअर ती वाचून दाखवतो. त्यामुळे आवाजाला किंवा चित्राला धक्का लागत नाही. मात्र प्लेअरला यादी वाचता येत नसेल, तर तुमची सगळी मेहनत ऐकणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका, ऐकणाऱ्यापासून करा.

लागणारं साहित्य

- संगणक किंवा लॅपटॉप. जुना असला तरी चालतो, कारण यात फाइल पुन्हा दाबायचं (कॉम्प्रेस करायचं) काम बहुतेक वेळा येत नाही.
- कानात बसणारा हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर शब्दाची नेमकी सुरुवात कळत नाही.
- ऑडॅसिटी : ऐकून खुणा करण्यासाठी. मोफत.
- एमकेव्हीटूलनिक्स : व्हिडिओ फाइलमध्ये चॅप्टर घालण्यासाठी. मोफत.
- किड३ किंवा ऑफोनिक : एमपी३मध्ये चॅप्टर घालण्यासाठी. किड३ मोफत आहे. ऑफोनिक ही ऑनलाइन सेवा असून महिन्याला २ तासांपर्यंतचा ऑडिओ ती मोफत करून देते.
- व्हीएलसी : तपासणीसाठी.
- कार्यक्रमाला हजर असलेलं कोणीतरी. गाणं कोणतं, अभंग कोणता, प्रश्न कोणी विचारला हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

१. ऐकणारा कुठे ऐकणार ते आधी ठरवा

यूट्यूबवर टाकायचं असेल तर फाइलमध्ये काहीच घालावं लागत नाही, वर्णनात वेळा लिहिल्या की काम होतं. उलट फाइलच्या आत घातलेले चॅप्टर यूट्यूब उचलत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक दोनदा कष्ट करतात.

संगणकावर किंवा मोबाइलच्या व्हीएलसीत व्हिडिओ पाहिला जाणार असेल तर एमकेव्ही किंवा एमपी४. मोबाइलवर फक्त ऐकायचं असेल तर एमपी३ किंवा एम४बी. ट्रॅक्टरवरचा प्लेअर, मंदिरातला पेनड्राइव्हचा स्पीकर, गाडीतला स्टिरिओ यांपैकी बहुतेक यंत्रं चॅप्टर वाचत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे (पायरी ८).

व्हॉट्सॲपचं मात्र नीट समजून घ्या. व्हिडिओ म्हणून पाठवलात की तो पुन्हा दाबला जातो आणि चॅप्टर हातचे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचते. पण समोरच्याने ती व्हॉट्सॲपमध्येच उघडली तर चॅप्टर दिसणार नाहीत, ती व्हीएलसीत उघडायची हे सोबत लिहून पाठवा.

२. कापाकापी आधी, खुणा नंतर

माइक टेस्टिंग, सत्कार, "हॅलो हॅलो" हे सगळं काढून फाइल पक्की झाल्याशिवाय एकही खूण करू नका. खुणा झाल्यावर सुरुवातीचं १ मिनिट ४० सेकंदांचं सत्काराचं भाषण कापलं, तर पुढचा प्रत्येक चॅप्टर १ मिनिट ४० सेकंदांनी चुकतो.

दुसरा सापळा मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओचा. मोबाइल बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसलेली वेळ आणि बाहेर पडलेल्या फाइलमधली वेळ यांत त्यामुळे फरक पडू शकतो आणि लांब फाइलच्या शेवटाकडे तो वाढत जातो. वेळा नेहमी एक्सपोर्ट झालेल्या, वाटायच्या फाइलवरूनच घ्या.

व्हिडिओ एक्सपोर्ट करताना की-फ्रेमचं (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमचं) अंतर २ सेकंद ठेवा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ५० फ्रेम. बरेच प्लेअर उडी मारताना मागच्या की-फ्रेमवर जाऊन थांबतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर २५० फ्रेमपर्यंत, म्हणजे १० सेकंदांपर्यंत असतं. मग तुम्ही "करपा" वर बोट ठेवता आणि आधीच्या वक्त्याचं शेवटचं वाक्य ऐकू येतं. खूण बरोबर असते, अडचण फाइलच्या बांधणीत असते.

३. ऑडॅसिटीत ऐकून खुणा करा

फाइल ऑडॅसिटीत उघडा. व्हिडिओची असेल तरी तिचा आवाज उघडता येतो, विंडोजवर त्यासाठी एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. "ट्रॅक्स" मेनूमधून लेबल ट्रॅक जोडा. प्ले करा आणि नवा विषय सुरू झाला की कंट्रोल + एम दाबा. तिथे लेबल पडतं आणि नाव लिहायची चौकट उघडते. नाव लिहून एंटर दाबा. एंटर दाबेपर्यंत स्पेसबारने प्ले थांबत नाही, नावातच मोकळी जागा पडत राहते. नवशिके इथे हमखास गोंधळतात.

ऐकता ऐकता दाबलेली खूण नेहमी उशिराची असते, कारण शब्द कानावर पडल्यावरच बोट हलतं. म्हणून पहिल्या फेरीत फक्त खुणा पाडत जा आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक लेबलाजवळ आवाजाची लहर मोठी करून ते मागे ओढा. बोलण्यात पहिल्या शब्दाच्या अर्धा ते एक सेकंद आधी, शांततेत खूण हवी. गाण्यात पेटीचा किंवा ढोलकीचा पहिला सूर येण्याआधी. टाळ्या मागच्या चॅप्टरात जाऊ द्या, नवा चॅप्टर टाळ्यांनी सुरू झाला की ऐकणाऱ्याला चुकीच्या जागी आल्यासारखं वाटतं.

कीर्तनात ही शांतता मिळत नाही. टाळ-पखवाज चालूच असतो आणि एका चरणातून दुसऱ्यात जाताना लहरीत कुठेही खाच दिसत नाही. तिथे लहर पाहण्यात वेळ घालवू नका. चरणाचा पहिला शब्द शोधा, त्याच्या एक सेकंद आधी खूण करा. आवाजावरून आपोआप भाग पाडणाऱ्या सुविधा शांतता शोधत असतात, त्यामुळे त्या कीर्तनावर कुचकामी ठरतात. भाषणावर एक वेळ चालतात.

खुणा झाल्या की फाइल मेनूमधून "एक्सपोर्ट लेबल्स" करा. नव्या आवृत्तीत ते "एक्सपोर्ट अदर" खाली सापडतं. साधी मजकुराची फाइल मिळते. प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट आणि नाव, सगळी वेळ सेकंदांतच, दशांशासह. ७५४.२५ असं दिसलं तर ६० ने भागा : १२ मिनिटं ३४.२५ सेकंद. यूट्यूबसाठी अपूर्णांक सोडून द्या, वर ओढू नका. ७५४.९ असेल तरीही १२:३४ च लिहा, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं.

४. नावं : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

"भाग १", "भाग २" अशी नावं म्हणजे चॅप्टर न पाडल्यासारखंच. ऐकणारा ज्या शब्दाने शोधेल तोच शब्द नावात पहिला हवा, कारण मोबाइलवर लांब नाव शेवटाकडून कापलं जातं. चार ते सहा शब्द पुरे. "डॉक्टरसाहेबांचं करपा रोगाविषयी मार्गदर्शन" याऐवजी "करपा : पहिली लक्षणं".

पावणेदोन तासांच्या केळी चर्चासत्राची यादी अशी दिसेल :

०:०० कार्यक्रमाची ओळख
४:३५ मृगबाग की कांदेबाग
१८:१० टिश्यू कल्चर रोपं निवडताना
३१:४५ ठिबक आणि खतांचं वेळापत्रक
५२:२० करपा : पहिली लक्षणं
१:०७:०५ घडाची निगा, फण्या किती ठेवायच्या
१:२१:३० प्रश्न : सीएमव्हीची रोपं उपटावीत का
१:२८:५० प्रश्न : थंडीतली वाढ

शेवटच्या दोन ओळी पाहा (सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूजन्य रोग). "शेतकऱ्यांचे प्रश्न" असा एकच चॅप्टर करून मोकळं होण्याचा मोह होतो. पण शेतावरची खरी अडचण प्रश्नोत्तरांतच बोलली जाते, म्हणून तिथे प्रत्येक प्रश्नाला खूण द्या. भाषणाच्या भागात दहा-पंधरा मिनिटांना एक चॅप्टर पुरतो.

कानबाईच्या रेकॉर्डिंगमध्ये मोठे टप्पे आधी पाडा : रविवारची स्थापना, आरती, रात्रीची गाणी, सोमवारची मिरवणूक आणि विसर्जन. मग रात्रीच्या गाण्यांत प्रत्येक गाण्याला वेगळी खूण. गाण्याला नाव नसतं, म्हणून पहिल्या ओळीतले तीन-चार शब्द घ्या आणि ते बाया म्हणतात तसेच अहिराणीत लिहा. त्यांचं प्रमाण मराठी करू नका. पुढच्या वर्षी घरातली लेक किंवा सून ते गाणं शोधेल ती ऐकलेल्या शब्दांनीच. शब्द नीट कळत नसेल तर म्हणणाऱ्या बाईला विचारा, अंदाजाने लिहिलेला शब्द पुढे तसाच रुळतो. नावात गाणाऱ्यांची नावं घालायची असतील तर त्यांना आधी विचारून घ्या.

कीर्तनात निरूपणाच्या अभंगाचं चरण हेच चॅप्टरचं नाव. मधे मोठा दृष्टांत असेल तर त्याला वेगळी खूण द्या, पुष्कळ लोक तेवढाच पुन्हा ऐकतात.

५. यूट्यूबवर

वर्णनात प्रत्येक ओळीला आधी वेळ, मग नाव. नियम चारच आहेत : पहिली वेळ ०:०० हवी, किमान ३ वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा हवा. यातला एकही चुकला तर एखादा चॅप्टर नव्हे, सगळी यादीच दिसत नाही.

इथले सापळे आपल्या लिहिण्याच्या सवयीतून येतात. मराठी कीबोर्डवर आकडे देवनागरीत पडतात, वेळेचे आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करा. नाव मराठीत असायला हरकत नाही. तासाच्या पुढे गेल्यावर ६७:०५ नको, १:०७:०५ लिहा.

आणखी एक, सहज लक्षात न येणारा. वर्णनात कुठेही इंग्रजी आकड्यांत वेळेसारखं काही लिहिलंत तर यूट्यूब त्याला वेळच समजतं. "कार्यक्रम सायं. ६:३०" लिहिलं की त्याचा सहाव्या मिनिटाचा दुवा होतो आणि यादीचा क्रम बिघडू शकतो. कीर्तनाच्या वर्णनात गीतेचा संदर्भ २:४७ असा दिला तरी तेच होतं. म्हणून "सायंकाळी साडेसहा" आणि "अध्याय दुसरा, श्लोक ४७" असं अक्षरांत लिहा.

यूट्यूब स्वतःहूनही चॅप्टर सुचवतं. मराठी-अहिराणी मिसळलेल्या बोलण्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आपोआप चॅप्टरची टिक काढून टाका.

६. व्हिडिओ फाइलमध्ये

एमकेव्हीटूलनिक्स उघडा, "मल्टिप्लेक्सर" मध्ये तुमची एमपी४ फाइल ओढून टाका आणि मल्टिप्लेक्सिंग सुरू करा. चित्र आणि आवाज पुन्हा दाबला जात नाही, फक्त डबा (फाइलचा प्रकार) बदलतो, त्यामुळे दोन तासांची फाइलही झटपट होते. मग "चॅप्टर एडिटर" मध्ये ती नवी एमकेव्ही उघडा, एक एडिशन (चॅप्टरांची यादी) जोडा, तिच्याखाली चॅप्टर जोडत जा. प्रत्येकाला सुरुवातीची वेळ तास:मिनिट:सेकंद अशी द्या, नाव लिहा, भाषा मराठी निवडा. नव्या आवृत्तीत अहिराणीचा स्वतंत्र भाषा-कोडही निवडता येतो, गाण्यांच्या संग्रहासाठी तो जरूर वापरा. सेव्ह केलं की यादी थेट त्याच फाइलमध्ये लिहिली जाते.

यादी नोटपॅडमध्ये तयार करून आत घेणार असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि एमकेव्हीटूलनिक्समध्येही तेच निवडा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर दोष फॉन्टचा नसतो, इथला असतो.

एमपी४च हवी असेल तर चॅप्टर घातलेली एमकेव्ही एफएफएमपेगने "कॉपी" पद्धतीने एमपी४मध्ये उतरवा, चॅप्टर सोबत येतात. एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर टाइमलाइनवरचे मार्कर एक्सपोर्टच्या वेळी चॅप्टर म्हणून घेण्याचा पर्याय तिथेच आहे.

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये "चॅप्टर्स" नावाचा टॅब दिसतो म्हणून बरेच जण तिकडे वळतात. तिथे आधीच असलेल्या चॅप्टरांची फक्त नावं बदलता येतात, नव्या खुणा पाडता येत नाहीत.

७. ऑडिओ फाइलमध्ये

ऑडॅसिटीतली लेबलं एमपी३ एक्सपोर्ट करताना चॅप्टर म्हणून जात नाहीत, हे आधी लक्षात ठेवा. एक्सपोर्ट करताना बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटच्या एमपी३मध्ये काही प्लेअर वेळेवरून जागा अंदाजाने काढतात आणि उडी काही सेकंद इकडे-तिकडे पडते. भाषण-कीर्तनाला मोनो ६४ केबीपीएस पुरतं, २ तासांची फाइल सुमारे ५८ एमबी होते. गाण्यांना १२८ केबीपीएस द्या, तीच लांबी सुमारे ११५ एमबी.

एमपी३मधल्या चॅप्टरांची पद्धत २००५ मध्ये आयडी३ टॅगला (एमपी३ फाइलमधल्या नाव-माहितीच्या नोंदींना) जोडली गेली. तिच्यात दोन प्रकारच्या नोंदी असतात : प्रत्येक चॅप्टरची एक आणि सगळ्यांची मिळून अनुक्रमणिका. किड३मध्ये हाताने भरताना लोक अनुक्रमणिका विसरतात आणि मग काही प्लेअर चॅप्टर दाखवत नाहीत. वेळ इथे मिलिसेकंदांत असते : ७५४.२५ सेकंद म्हणजे ७५४२५०. प्रत्येक चॅप्टरचा शेवटही द्यावा लागतो, पुढच्याची सुरुवात हाच मागच्याचा शेवट. टॅग आयडी३ २.३ असेल तर मजकूर यूटीएफ-१६ मध्ये, २.४ असेल तर यूटीएफ-८ मध्ये ठेवा.

हे किचकट वाटत असेल तर ऑफोनिकमध्ये फाइल चढवा, वेळ आणि नावांची यादी द्या, ते एमपी३ आणि एम४बी दोन्ही करून देतं. एम४बी ही मुळात एम४एच, फक्त नावाचा शेवट वेगळा. त्यावरून ऑडिओबुकचे प्लेअर तिला पुस्तक समजतात आणि कुठे थांबलात ते लक्षात ठेवतात. लांब निरूपण तुकड्या-तुकड्याने ऐकणाऱ्यांसाठी हे सोयीचं.

अँड्रॉइडवर एमपी३चे चॅप्टर पाहायला अँटेनापॉड चांगलं. कीर्तनांच्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवा, ॲपमध्ये तो "लोकल फोल्डर" म्हणून जोडा, इंटरनेटशिवाय चॅप्टरसकट ऐकता येतं.

८. पेनड्राइव्हवाल्यांसाठी

इथे चॅप्टर नकोत, तुकडेच करा. ऑडॅसिटीत एक्सपोर्टच्या वेळी "मल्टिपल फाइल्स" निवडा आणि लेबलांप्रमाणे तुकडे करायला सांगा. मेहनत तीच वापरली जाते. फायलींच्या नावापुढे ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक इंग्रजी आकड्यांत द्या, नाहीतर १ नंतर १० वाजतं. स्वस्त प्लेअर देवनागरी नावं चौकोनांत दाखवतात, म्हणून पेनड्राइव्हसाठी फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, लांब व्हिडिओ देताना हे आड येतं.

९. तपासणी आणि दुरुस्ती

व्हीएलसीत फाइल उघडा आणि "प्लेबॅक" मेनूमधून प्रत्येक चॅप्टरवर उडी मारून पहिले पाच सेकंद ऐका. पहिला आणि शेवटचा तपासून थांबू नका, चूक बहुधा मधल्या एखाद्या आकड्यात असते. पुढचे सगळे चॅप्टर सारख्याच अंतराने चुकत असतील तर मागे कुठेतरी कापाकापी झाली आहे. अंतर हळूहळू वाढत असेल तर कारण पायरी २ मधलं आहे.

लेबलांची फाइल मूळ रेकॉर्डिंगच्या शेजारी, त्याच नावाने जपून ठेवा. नंतर काही कापावं लागलं तर मूळ फाइल आणि लेबलं दोन्ही ऑडॅसिटीत आणा, "ट्रॅक्स" मेनूमधलं "सिंक-लॉक" चालू करा आणि मग कापा. आवाजाबरोबर पुढची लेबलंही आपोआप मागे सरकतात. कापल्यावर लेबलं पुन्हा एक्सपोर्ट करा आणि यूट्यूबच्या वर्णनातल्या वेळा त्यांवरून नव्याने लिहा.